शाळेचे अंतर कोणी चालायचे?

सीताराम केशव बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी त्यानुसार चवदार तळे कागदोपत्री खुले केले. प्रत्यक्ष पाण्यापर्यंत पोचण्यासाठी मात्र २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो अनुयायांसह चालत जावे लागले. हा इतिहास सर्वज्ञात आहे. त्याच ठरावात पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळांचाही उल्लेख होता, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

त्या सत्याग्रहाच्या संयोजकांपैकी एक असलेले रामचंद्र बाबाजी मोरे हे महाडजवळच्या दासगावचे. बालपणी शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत त्यांना प्रवेश नाकारला गेला. वृत्तपत्रात तक्रार गेल्यावर प्रवेश मिळाला, पण बसायचे ते इतर मुलांपासून दूर. पटावर नाव येणे आणि वर्गात स्थान मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यातील धडा आजही जुना झालेला नाही.

महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवर वाड्या, धनगरवाडे आणि कातकरी वस्त्या विखुरलेल्या आहेत. कर्ती माणसे मुंबईला जातात. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांची आणि कोळसाभट्ट्यांची वाट धरतात. साहजिकच शाळांचा पट घटतो. वीसहून कमी पटाच्या सुमारे १४,७०० शाळा राज्यात असल्याचे सांगून शासनाने २०२३ साली समूह शाळांचे प्रस्ताव मागविले. दर विद्यार्थ्यामागील खर्च अशा शाळांत फार पडतो, हा त्यामागील एक युक्तिवाद.

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला हा हिशेब अपुरा वाटतो. वाडीवरची शाळा बंद केल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो सरकारी खतावणीतून निघून मुलाच्या पायांवर पडतो. जुलै २०२१ मध्ये तळिये येथे डोंगर कोसळला, त्या मुलखात सात वर्षांच्या मुलीने भर पावसात ओढे ओलांडून शाळा गाठावी काय? वाहन देऊ म्हणावे, तर वाडीपर्यंत रस्ता तरी हवा! आणि मुलीची शाळा सुटली, तर ते नुकसान कोणत्या खात्यावर मांडायचे?

एकशिक्षकी शाळेत दोष नाहीत असे नव्हे. गुरुजी बैठकीला गेले की शाळेला टाळे लागते. समवयस्क सोबती मिळत नाहीत. परंतु त्यावरचा उपाय शिक्षण हक्क कायद्यातच आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, कृतीतून शिक्षण, भयमुक्त वर्ग आणि शक्यतो मातृभाषा, हे सारे २००९ च्या त्या कायद्याने सांगितले आहे. दहा-पंधरा मुलांच्या वर्गात प्रत्येकाची गती गुरुजींना ओळखता येते आणि मोठे मूल धाकट्याला शिकवू शकते. ज्याला विद्यार्थिकेंद्री शिक्षण म्हणतात, ते येथे सर्वाधिक शक्य आहे. आणि नेमकी हीच शाळा आपण तोट्याची ठरवीत आहोत.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल शाळेत येत नाही, तर शाळेने कुरणात जावे, इतका सरळ तो विचार होता. समान शिक्षण म्हणजे सर्वांना एकाच दाराशी बोलावणे नव्हे. ज्याला दार दूर पडते, त्याच्यासाठी ते जवळ नेणे होय. महाडला तरी हे निराळे सांगावे लागू नये. ठराव आणि तळे यांतले अंतर या गावाने एकदा चालून पाहिले आहे. या वेळी ते अंतर शासनाने चालावे, मुलांनी नव्हे.