लोड न घेणारा जनरेटर: चार दशकांचा मागोवा

राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाच्या पायथ्याला वीजघर आहे, आणि त्याच तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर फरशी कापायची तर आजही दोरी ओढून जनरेटर सुरू करावा लागतो. यात नवल काही नाही. वीज कुठे तयार होते यापेक्षा तार कुठवर पोहोचते आणि पावसाळ्यात ती किती टिकते, यावर काम चालते. नव्या घराचा पाया घेताना जागेवर मीटर नसतो. दाजीपूर, फोंडा घाटाच्या बाजूला झाड पडून तार तुटली की वायरमन पोहोचेपर्यंत थांबावेच लागते. म्हणून गवंडी, सुतार आणि फॅब्रिकेशनवाल्यांच्या टेम्पोत कटर-ग्राइंडरच्या शेजारी दोन-अडीच केव्हीएचा जनरेटर बसला. त्याच्याबद्दलची तक्रार मात्र चाळीस वर्षे एकच आहे: ‘चालू होतो, पण लोड घेत नाही.’ तक्रारीचे शब्द बदलले नाहीत, कारणे बदलली. दुरुस्तीची सवय जुन्याच कारणांना धरून राहिली, हे या काळाकडे मागे वळून पाहताना जाणवते.

श्रीराम होंडा ही कंपनी १९८५ साली स्थापन झाली आणि पुढच्या काळात छोटे जनरेटर दुकानांत, मंडपांत दिसू लागले. त्यांतले बरेचसे पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे होते. काम संपण्याआधी काही मिनिटे कॉक पुन्हा पेट्रोलवर फिरवायचा असे, कारण कार्ब्युरेटरच्या वाटीत रॉकेल राहिले तर दुसऱ्या दिवशी थंड इंजिन दोरीला दाद देत नसे. रॉकेलने काजळी धरायची आणि ऑइलही पातळ व्हायचे. २००५ नंतरच्या भारनियमनात ही यंत्रे रोज तासन्‌तास चालली. त्या काळातला बिघाड झिजेचा होता: रिंगा गेल्या, व्हॉल्व्ह बसेनात, कार्बन ब्रश संपले. असे बिघाड ओळखायला कोल्हापूरइतका तयार कान क्वचितच दुसरीकडे सापडेल. कारागीर म्हादबा मेस्त्रींच्या काळापासून या जिल्ह्याने ऑइल इंजिने घडवली आहेत. त्यामुळे जनरेटर बिघडला की हात आधी इंजिनाकडे जाई, आणि बहुतेक वेळा तो बरोबर जागी पडे.

२०१२ नंतर भारनियमन ओसरत गेले आणि जनरेटर रोजच्या चाकरीतून सुटला. आता तो चार दिवस राबतो आणि चार महिने कोपऱ्यात पडून राहतो. झिजेची जागा साठवणीने घेतली. वाटीत उरलेले पेट्रोल उडून जाते, मागे चिकट थर राहतो आणि केसाएवढे जेट बुजते. अशा इंजिनाची खूण ठरलेली आहे. चोक अर्धा ओढला की ते सुरळीत चालते, पूर्ण उघडला की रेस वर-खाली होते आणि ग्राइंडरचा खटका दाबताच ते गचके देऊन बंद पडते. चोकने हवा कमी होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचा वाटा वाढतो. तेवढ्याने फरक पडत असेल तर पेट्रोल कमी पडते आहे, हे उघड आहे. यावर कोणी म्हणेल की दोष इथेनॉलचा. देशात मिश्रणाचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२३ पासून २० टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले, हे खरे. इथेनॉल ओलावा शोषते, पाणी जास्त झाले की पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, आणि राधानगरीच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. जुन्या यंत्रांतल्या रबरी भागांनाही ते मानवत नाही. पण निव्वळ पेट्रोलही कोपऱ्यात पडून चिकटच होत असे. इथेनॉलने मुदत आखडली. चूक टाकी भरून ठेवण्याची आहे.

दुसरा बदल लोडचा. पूर्वी जनरेटरला दिवे, पंखे, फार तर टीव्ही असे. आज त्याच्यावर चार इंची ग्राइंडर चालतो, १४०० वॅटचा मार्बल कटर चालतो आणि अधूनमधून रंगकामाचा कॉम्प्रेसरही लागतो. ही तिन्ही यंत्रे सारखी नव्हेत. कटर, ग्राइंडर आणि ड्रिलला ब्रशची मोटर असते. ती सुरू होताना झटका देते, पण लगेच सावरते. कॉम्प्रेसरची इंडक्शन मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. म्हणून एक एचपीचा कॉम्प्रेसर पाटीवर २००० वॅट लिहिलेल्या जनरेटरलाही बंद पाडू शकतो, आणि त्याच जनरेटरवर १४०० वॅटचा कटर दिवसभर चालतो. इथे इंजिन उघडून काहीच सापडणार नाही.

त्यातही तारेचा हिशेब कोणी करत नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओम असतो. जनरेटर ५० मीटर लांब ठेवला तर जाऊन-येऊन १०० मीटर तार होते आणि १० अँपिअरला १२ व्होल्ट तारेतच जातात. तार पाऊण चौरस मिलिमीटरची असेल तर २४ व्होल्ट. कटर मंदावतो, गरम होतो आणि बोल जनरेटरला लागतो. मग गव्हर्नरचा स्क्रू आवळून रेस वाढवली जाते. या जनरेटरना ५० हर्ट्‌झसाठी मिनिटाला ३००० फेरे लागतात. ते ३४०० केले की वारंवारता ५६ हर्ट्‌झच्या पुढे जाते, आणि कंडेन्सरवर चालणाऱ्या जनरेटरांत व्होल्टेजही चढते. कटर खूश होतो, पण त्याच बोर्डावर लावलेला बॅटरीचा चार्जर जळू शकतो.

‘जुनी यंत्रे दणकट होती’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. ती रोज चालत, म्हणून त्यांत पेट्रोल शिळे होत नसे. ‘मग मोठाच घ्यावा’ म्हणावे, तर त्याचे वजन चढणीवर दोघांनी वाहायचे आणि हलक्या कामालाही पेट्रोल जास्त जाळायचे. बॅटरीवरची हत्यारे हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. ड्रिल आणि स्क्रू मारण्यासाठी त्यांनी जनरेटरची गरज खरोखरच संपवली. पण १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ९० वॅट-तास मावतात. १४०० वॅटचा कटर पूर्ण लोडवर तासभर चालवायला अशा पंधराहून अधिक बॅटऱ्या लागतील. फरशी आणि लोखंड कापायचे आहे तोवर जनरेटर टेम्पोतून उतरणार नाही.

म्हणून तपासाचा क्रम आता उलटा धरायला हवा. इंजिन खोलण्याआधी विचारावे, किती दिवस पडून होता आणि त्याला काय लावले होते? जुने पेट्रोल काढून ताजे भरावे, वाटी आणि जेट साफ करावे, टाकीच्या झाकणाचे छिद्र बघावे. उतारावर ठेवला असेल तर सपाटीवर आणावा, कारण कलल्यावर ऑइलचा सेन्सर इंजिन बंद करतो. हत्यारे सगळी काढून मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे, मग एकेक लावत मोजावे. एवढे करून दोष राहिला तरच ब्रश, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) आणि रिंगांकडे वळावे. काम संपले की कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्यावे. जनरेटर घरात किंवा बंद शेडमध्ये चालवू नये, आणि चेंजओव्हर स्विचशिवाय घराच्या वायरिंगला तर कधीच जोडू नये. त्याची वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढते आणि खांबावर तार जोडणाऱ्या वायरमनचा जीव घेते.