‘मला तुझं कळतं’ म्हणण्याआधी
सोलापुरात यंत्रमागावर टॉवेल विणताना आडवा धागा तुटला की माग थांबतो. विणकर सूत जोडून माग पुन्हा चालू करतो, पण मजुरी नगावर असली की थांबलेला वेळ त्याच्याच कमाईतून जातो. तो म्हणतो, आडव्या धाग्याची कांडी सैल भरलीय. कांडी भरणारी बाई म्हणते, सूतच कच्चं आलंय. माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणतो, विणकराचं मागाकडे लक्ष नाही. अशी कुरबूर वाढली की ‘स्वतःला समोरच्याच्या जागी ठेवून बघा’ हा सल्ला हमखास मिळतो. सल्ल्यामागची कळकळ खरी आहे, पण त्याला चिकटलेल्या गैरसमजांमुळे चांगल्या मनाच्या माणसांचंही भांडण मिटत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज हा, की कल्पना केली म्हणजे समोरच्याचं मन कळलं. ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २५ प्रयोगांत नेमकं हेच तपासलं. दुसऱ्याच्या जागी उभं राहून विचार करा, असं सांगितल्यावर लोकांचे अंदाज अधिक बरोबर आले नाहीत. कधीकधी फक्त आपण बरोबर आहोत ही खात्री वाढली. अंदाज सुधारले ते समोरच्याला सरळ विचारल्यावर. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण कल्पनेत आपण दुसऱ्याच्या जागी जातो खरे, पण डोकं आपलंच घेऊन जातो. सोलापूरचा उन्हाळा कोरडा असतो आणि कोरड्या हवेत सुती धागा जास्त तुटतो. विणकराने कांडी भरणाऱ्या बाईच्या जागी स्वतःला कितीही ठेवलं, तरी ही गोष्ट त्याला सुचेलच असं नाही. तुमच्याकडे धागा कधीपासून तुटतोय, दुपारी जास्त तुटतो का, असं तिघांनी एकमेकांना विचारलं तर दोष माणसाचा नसून हवेचा आहे हे समोर येऊ शकतं.

दुसरा गैरसमज, समजून घेणं म्हणजे नमतं घेणं. मुकादमाची भीती अशी, की एकाचं ऐकलं तर उद्या सगळे डोक्यावर बसतील. ही भीती अगदीच पोकळ नाही. ॲडम गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या वाटाघाटींवरील प्रयोगांत समोरच्याच्या भावनेत शिरण्याचा तेवढा फायदा झाला नाही, कधी स्वतःचं नुकसानही झालं. त्याला काय हवं आहे आणि का, याचा विचार करणाऱ्यांना मात्र दोघांनाही चालेल असा मार्ग जास्त वेळा सापडला. एका प्रयोगात पेट्रोल पंपाच्या किमतीवर सौदा जुळणं अशक्य होतं. विकणाऱ्याला पुढे नोकरीची गरज पडणार आहे हे ओळखलं की वाट निघत होती. म्हणजे कळवळा आणि समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समज असली तर ठाम नकारही देता येतो.

मग ‘दोघांनीही एकमेकांना समजून घ्या’ हा तरी समतोल सल्ला आहे ना? माझ्या मते नाही, कारण दोघांची ताकद सारखी नसते. एमिल ब्रुनो आणि रेबेका सॅक्स यांनी २०१२ मध्ये अमेरिकेतील गोरे आणि मेक्सिकन स्थलांतरित, तसंच इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांच्यावर प्रयोग केले. वरचढ गटाचं मत निवळलं ते दुसऱ्याचं म्हणणं ऐकून. दबलेल्या गटाचं मात्र आपलं म्हणणं मांडून आणि ते ऐकलं गेलं हे पाहून. कारखानदारासमोर उभ्या बाईला ‘मालकाची अडचण समजून घे’ सांगणं म्हणूनच वायफळ ठरतं. ती त्याच्या अडचणी आयुष्यभर ऐकतच आली आहे. त्यातून शहरातल्या विणकरांत तेलुगू बोलणारी पद्मशाली समाजाची घरं मोठ्या संख्येने आहेत. ज्या भाषेत गाऱ्हाणं नीट सांगता येतं, त्या भाषेत ते सांगू देणं हाही ऐकण्याचाच भाग. सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि चिनी शिकले. समजून घेण्याची सुरुवात समोरच्याच्या भाषेपासूनच होते.

एवढं विचारत बसायला वेळ कुठे आहे, हा आक्षेप राहतोच. चालू मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकूही येत नाही, हे खरं. पण पाळी बदलताना दाराशी दोन मिनिटं मिळतात. तेव्हा ‘कोणी बिघडवलं?’ऐवजी ‘आज किती वेळा तुटला, आणि कुठल्या कांडीला?’ एवढं विचारायला वेळ पुरतो.