आवाज मोठा, म्हणून ताकद मोठी?

संध्याकाळी गल्लीतून एखादी गाडी ढणढणत गेली की पाळण्यातले पोर दचकून उठते आणि नाक्यावरची मुले खुशीत माना वळवतात. "काय पिकअप असेल राव!" एकजण म्हणतो. पिकअप त्याने पाहिलेला नसतो, नुसता ऐकलेला असतो. आपली कितीतरी मुले आज गॅरेजात हात काळे करून घर चालवीत आहेत. त्यांना गाड्यांचे वेड असावे, यात वाईट काही नाही. पण वेडाला ज्ञानाची जोड हवी. म्हणून या वेळी आम्ही एका गाजलेल्या जपानी मोटारीची हकीकत सांगणार आहोत. आवाज आणि ताकद यांची गल्लत कशी होते, ते तिच्यावरून छान समजते.

या मोटारीचे नाव सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स. १९९२ साली ती जपानात बाजारात आली. दिसायला चार दारांची घरगुती गाडी. पण इंजिन दोन लिटरचे, टर्बो बसवलेले, २४० अश्वशक्तीचे. शर्यतीसाठी तयार केलेली इम्प्रेझा चालवून कॉलिन मॅकरे १९९५ साली जागतिक रॅलीचा विजेता ठरला. तेव्हापासून परदेशातले हौशी तरुण ही गाडी घेतात आणि तिच्यात फेरफार करू लागतात.

आधी टर्बो म्हणजे काय, ते पाहू. आपली आजी चुलीत फुंकणीने फुंकर घाली आणि जाळ भडके. टर्बोचे काम तेच. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू एक चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र ताजी हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जळते, म्हणून ताकद वाढते. आल्फ्रेड ब्युची या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. मोटारीतल्या टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. त्याला वंगण वेळेवर मिळाले नाही, तर काय होईल, हे मेकॅनिकला सांगायला नको.

आता आवाजाकडे वळू. सुबारूच्या इंजिनात सिलेंडर आडवे असतात, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. जुन्या इंजिनांत दोन्ही बाजूंचा जळका वायू टर्बोपर्यंत नेणाऱ्या नळ्या सारख्या लांबीच्या नव्हत्या. त्यामुळे वायूचे ठोके एका लयीत पोचत नसत आणि ती प्रसिद्ध गडगड ऐकू येई. पुढे २०१४ साली आलेल्या नव्या डब्ल्यूआरएक्समध्ये कारखान्याने नळ्यांची लांबी सारखी केली. टर्बो लवकर फिरू लागला, इंजिन सुधारले. पण गडगड गेली! मग काही मालकांनी काय करावे? खिशातले पैसे घालून पुन्हा कमीजास्त लांबीच्या नळ्या बसवल्या. आवाज परत आला, पण खालच्या फेऱ्यांतला जोर थोडा घटला. म्हणजे पैसे देऊन गाडी मंद करून घेतली, असेच म्हणायचे.

दुसरा प्रकार 'प्स्स' आवाजाचा. पायाखालचे ॲक्सिलरेटर सोडले की टर्बोने दाबलेली जादा हवा एका व्हॉल्व्हमधून परत आत वळवली जाते. हौशी लोक ती बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह लावतात. पण या गाडीचा संगणक आत आलेली हवा मोजून त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. मोजलेली हवा बाहेर उडाली की हिशेब चुकतो आणि क्षणभर पेट्रोल जादा पडते. फायदा कानाला, तोटा इंजिनाला.

मग ताकद खरोखर कशाने वाढते? मागचा सायलेन्सर बदलल्याने आवाज बराच बदलतो, ताकद नावालाच. टर्बोला लागून असलेली नळी मोठी केली आणि इंजिनाच्या संगणकातला हिशेब जाणकाराकडून नव्याने बसवला, तर फरक पडतो. पण इथेच धोका आहे. दाब वाढवला आणि पेट्रोल किंवा ठिणगीची वेळ चुकली, तर इंजिन आतून ठोकू लागते. या गाडीच्या जुन्या इंजिनांत पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटण्याची तक्रार मालकांना चांगली ठाऊक आहे. शिवाय त्या नळीत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो काढून टाकला की विषारी वायू थेट रस्त्यावर येतात, ते नाक्यावरच्या भाजीवालीच्या आणि शाळेतून घरी येणाऱ्या लेकरांच्या छातीत जातात. अमेरिकेतही तो काढण्यास कायद्याने बंदी आहे आणि कॅलिफोर्नियात मोटारीच्या सायलेन्सरच्या आवाजाला ९५ डेसिबलची मर्यादा आहे.

आपल्याकडे कायदा आणखी कडक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कारखान्याच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. जप्त केलेले सायलेन्सर पोलिसांनी रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली आहेतच. त्या चपट्या पत्र्यांत कुणाकुणाचे महिन्याचे पगार होते, याचा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

गॅरेजात काम करणाऱ्या मुलांना आमचे सांगणे एवढेच. गिऱ्हाईक आवाज मागेल, तेव्हा त्याला आधी विचारा : तेल कधी बदलले? प्लग पाहिले का? टायर झिजले आहेत का? ब्रेक धरतात का? जोर वाढवण्याआधी थांबण्याची सोय पाहावी लागते. कुणी सांगितले म्हणून कुठलाही भाग बसवू नका. तो काय काम करतो, ते स्वतः समजून घ्या. आणि आईबापांनो, मुलगा इंजिन उघडून बसला तर रागावू नका. त्याला आयटीआयची वाट दाखवा. इंजिनाचा ठोका ऐकून आतला दोष ओळखणारा कारागीर कधी उपाशी राहत नाही.