दुरून घर शोधताना : पॅरिसमधील अल्पमुदतीचे भाडे

घर भाड्याने घेण्यापूर्वी ते डोळ्यांनी पाहावे, नळ सोडून पाण्याची धार बघावी, शेजाऱ्यांशी चार शब्द बोलावेत आणि मगच अनामत रक्कम हातावर ठेवावी, हा भाडेकरूंचा जुना शिरस्ता आहे. परदेशी जाणाऱ्याला तो पाळता येत नाही. एखाद्या संशोधकाला पॅरिसच्या ग्रंथालयात सहा महिने काम करावयाचे असते, एखाद्या अभियंत्याला त्याच्या कंपनीने चार महिन्यांसाठी तेथे पाठविलेले असते, एखादी विद्यार्थिनी एका सत्रापुरती जाणार असते. या सर्वांना हजारो किलोमीटरांवरून घर ठरवावे लागते. हाती असतात ती फक्त काही छायाचित्रे, एक पत्ता आणि कधीही न भेटलेल्या माणसाची पत्रे. त्यातच व्हिसाच्या अर्जासोबत निवासाचा पुरावा जोडावा लागतो, तर अनेक घरमालक व्हिसा पाहिल्याखेरीज करार करण्यास तयार नसतात. या कोंडीत सापडलेला मनुष्य घाईघाईने पैसे पाठवून मोकळा होतो. फसवणूक करणारे नेमकी हीच घाई हेरून असतात.

अंतर नाहीसे करता येत नाही, हे खरे. परंतु घराच्या काही बाजू अशा असतात की त्या दुरूनही पारखून घेता येतात. कराराचा प्रकार, पत्ता, क्षेत्रफळ, भाड्याचा दर आणि घर देणाऱ्याचा अधिकार या त्या बाजू होत. पॅरिसमध्ये यांपैकी जवळजवळ प्रत्येक गोष्ट कायद्याने बांधलेली असल्यामुळे, तेथील उदाहरणावरून ही पारख कशी करावी हे चांगले समजू शकते.

कराराचे प्रकार

फ्रान्समधील निवासी भाडेकरारांचा मुख्य आधार ६ जुलै १९८९ चा कायदा हा होय. सामानासह घर मुख्य निवासासाठी दिले जाते तेव्हा करार एक वर्षाचा असतो. विद्यार्थ्यांसाठी तो नऊ महिन्यांचा करता येतो आणि मुदत संपताच तो आपोआप संपतो. दुसऱ्या टोकाला पर्यटकांसाठी दिली जाणारी घरे असतात. अशा घरात एकाच भाडेकरूला सलग ९० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. मालकाला स्वतःचे राहते घर पर्यटकांना वर्षातून किती दिवस देता येईल, यावरही मर्यादा आहे. पॅरिसमध्ये ती पूर्वी १२० दिवसांची होती. २०२५ पासून ९० दिवसांची झाली. तसेच १ डिसेंबर २०१७ पासून पॅरिसमधील अशा घराच्या जाहिरातीत नगरपालिकेने दिलेला नोंदणी क्रमांक छापणे बंधनकारक झाले. जाहिरातीत तो नसेल तर प्रथम तोच मागावा.

तीन महिन्यांहून अधिक आणि नऊ महिन्यांहून कमी काळ राहणाऱ्यांची मात्र बराच काळ गैरसोय होत असे. ती दूर करण्यासाठी २३ नोव्हेंबर २०१८ च्या कायद्याने ‘बाय मोबिलिते’ नावाचा नवा करार अस्तित्वात आणला. तो एक ते दहा महिन्यांचा असतो. शिक्षण, प्रशिक्षण, उमेदवारी, नोकरीतील बदली किंवा तात्पुरती कामगिरी अशा कारणांनी येणाऱ्यांनाच तो करता येतो आणि ते कारण करारात लिहावे लागते. निव्वळ प्रवासासाठी जाणाऱ्याला हा करार मिळत नाही. त्याने पर्यटकांसाठी असलेल्या घरांकडेच वळावे.

या करारातील एक तरतूद दुरून घर घेणाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावी. ‘बाय मोबिलिते’मध्ये घरमालकाला अनामत रक्कम मागताच येत नाही. पाणी, जिन्याची सफाई इत्यादींचा खर्च भाड्यासोबत ठराविक रकमेत घेतला जातो. मागाहून हिशेब काढून अधिक पैसे मागता येत नाहीत. भाडेकरू एक महिन्याची सूचना देऊन मुदतीपूर्वी घर सोडू शकतो. मुदत वाढवावयाची झाल्यास ती एकदाच आणि एकूण दहा महिन्यांच्या आतच वाढविता येते. सामानासह दिलेल्या मुख्य निवासाच्या इतर करारांत मात्र इतर खर्च वगळून दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेण्याची मुभा आहे. घर सोडताना त्याची स्थिती पूर्वीसारखीच आढळल्यास ती एका महिन्यात आणि तफावत आढळल्यास, योग्य ती वजावट करून, दोन महिन्यांत परत करावी लागते. तेव्हा एखादा मालक ‘बाय मोबिलिते’ करार करू असे म्हणत असेल आणि त्याच पत्रात दोन महिन्यांची अनामतही मागत असेल, तर एक तर त्याला कायदा ठाऊक नाही, किंवा त्याचा हेतू शुद्ध नाही. दोन्ही परिस्थितींत व्यवहार तेथेच थांबवून खुलासा मागणे इष्ट ठरते.

पत्ता वाचण्याची रीत

पॅरिसचा पत्ता हा स्वतःच एक पुरावा असतो. १८६० पासून हे शहर २० विभागांत वाटलेले आहे. या विभागांना ‘आरोंदिसमाँ’ म्हणतात. त्यांचे क्रमांक मध्यभागापासून सुरू होऊन गोगलगाईच्या शंखाप्रमाणे घड्याळाच्या दिशेने बाहेर उलगडत जातात. टपालाच्या पाच अंकी संकेतांकातील शेवटचे दोन अंक हा विभाग दर्शवितात. ७५०१४ म्हणजे चौदावा विभाग. जाहिरातीत शहराचा मध्यभाग म्हटले असेल आणि संकेतांक ७५०१९ असेल, तर वर्णनात अतिशयोक्ती आहे हे नकाशा न उघडताही कळते.

घरांच्या क्रमांकांची पद्धत १८०५ मध्ये ठरली. सेन नदीकडून निघणाऱ्या रस्त्यांवरील क्रमांक नदीपासून सुरू होतात आणि नदीला समांतर असलेल्या रस्त्यांवरील क्रमांक प्रवाहाच्या दिशेने वाढत जातात. विषम क्रमांक डाव्या हाताला, तर सम क्रमांक उजव्या हाताला असतात. दिलेला क्रमांक त्या रस्त्यावर खरोखर अस्तित्वात आहे काय आणि तेथील इमारत छायाचित्रातील खिडक्यांशी जुळते काय, हे आता घरबसल्या नकाशावर पाहता येते. इमारतीचा पत्ता मिळाला तरी चौकशी पुरी होत नाही. पॅरिसच्या बहुतेक जुन्या इमारतींत सदनिकांना क्रमांक नसतात. टपाल येते ते पेटीवरील नावावर. म्हणून जिना कोणता, मजला कोणता, दार डावीकडचे की उजवीकडचे आणि पेटीवर नाव कोणाचे, हे विचारून घ्यावे. ज्याने ते घर कधी पाहिलेच नाही, त्याला या प्रश्नांची उत्तरे सहसा देता येत नाहीत.

मजल्यांची गणना भारतातल्यासारखीच आहे. तळमजला, म्हणजे ‘रे-द-शोसे’, मोजला जात नाही. एकोणिसाव्या शतकातील इमारतींच्या माथ्यावर, छपराखाली, पूर्वी घरकामाच्या बायका राहत असत. त्या खोल्या ‘शाँब्र द बॉन’ या नावाने आज भाड्याने दिल्या जातात. तेथवर उद्‌वाहन पोहोचत नाही असे अनेकदा आढळते, आणि शौचकूपही काही ठिकाणी बाहेर, सामायिक असतो. ३० जानेवारी २००२ च्या आदेशानुसार राहण्यायोग्य घरातील मुख्य खोली किमान ९ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ९७ चौरस फूट, आणि २.२० मीटर उंचीची असावी लागते. अन्यथा तिचे घनफळ किमान २० घनमीटर असावे लागते. उतरत्या छपराखालील १.८० मीटरपेक्षा कमी उंचीची जागा क्षेत्रफळात धरली जात नाही. छायाचित्रात ऐसपैस दिसणारी खोली कायद्याच्या मोजणीत फारच लहान भरू शकते. यासाठी नुसते क्षेत्रफळ न विचारता ‘राहण्यायोग्य क्षेत्रफळ’ विचारावे.

भाड्याच्या दरावरही १ जुलै २०१९ पासून पॅरिसमध्ये नियंत्रण आणण्यात आले. वस्ती, खोल्यांची संख्या, इमारतीचा काळ आणि घर सामानासह आहे किंवा नाही, यांवरून दर चौरस मीटरमागे एक संदर्भ भाडे जाहीर केले जाते, आणि मूळ भाडे त्याहून २० टक्क्यांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. दुरून पाहणाऱ्याला या आकड्याचा दुहेरी उपयोग होतो. मागितलेले भाडे फार जास्त असल्यास तो तक्रार करू शकतो. आणि ते संदर्भ भाड्याच्या निम्म्यावर असेल, तर तो सुदैवाचा भाग न समजता धोक्याची सूचना समजावी.

देणारा कोण आहे?

अल्पमुदतीची अनेक घरे मालकाकडून नव्हे, तर स्वतः काही महिने बाहेरगावी जाणाऱ्या भाडेकरूकडून मिळतात. १९८९ च्या कायद्यानुसार अशा पोटभाडेकरारासाठी मालकाची लेखी परवानगी लागते, आणि पोटभाडेकरूकडून दर चौरस मीटरमागे मूळ भाड्याहून अधिक रक्कम घेता येत नाही. ही परवानगी नसेल तर मुक्काम अर्ध्यावर सोडावा लागण्याची भीती राहते. समोर मध्यस्थ संस्था असेल, तर तिच्याकडे व्यवसायाचे परवानापत्र असले पाहिजे. ते खरे आहे की नाही, हे व्यापारी मंडळाच्या सार्वजनिक नोंदीत पाहता येते.

ओळखपत्राच्या प्रतीवर मात्र फार विसंबू नये, कारण ती दुसऱ्या कोणाची असू शकते. यापूर्वी फसलेल्या एखाद्या भाडेकरूचीदेखील! त्यापेक्षा घर देणाऱ्याने ठरलेल्या वेळी दूरध्वनीवरून प्रत्यक्ष चित्र दाखवावे, असा आग्रह धरावा. हे दर्शन रस्त्यापासून सुरू व्हावे. प्रथम दारावरची निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अंकांची पाटी, मग जिना, टपालपेटी, घराचे दार, आतील खोल्या, वाहता नळ आणि शेवटी खिडकीतून दिसणारा रस्ता, असा क्रम असावा. आधी चित्रित केलेली फीत पुरेशी नाही. नेमक्या याच गोष्टीस नकार देणाऱ्याची कथा बहुधा ठरलेली असते : तो कामानिमित्त दुसऱ्या देशात आहे, घराची किल्ली कुरिअरने पाठविली जाईल, आणि इतर अनेकजण इच्छुक असल्याने पैसे आजच हवेत.

पैसे कोणत्या टप्प्यावर द्यावेत?

मुख्य निवासाच्या तसेच ‘बाय मोबिलिते’ करारात घर राखून ठेवण्यासाठी आगाऊ धनादेश मागण्यास फ्रेंच कायद्याने मनाई केली आहे. म्हणजे दोघांच्याही सह्या होण्यापूर्वी पैसे देण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. पर्यटकांच्या घरासाठी मात्र आगाऊ रक्कम घेतली जाते. तेथे करारातील एका शब्दाकडे लक्ष द्यावे. रकमेला ‘आर’ म्हटले असेल, तर भाडेकरूने बेत रद्द केल्यास ती बुडते आणि मालकाने रद्द केल्यास त्याला दुप्पट परत करावी लागते. तिला ‘आकोंत’ म्हटले असेल, तर ती भाड्याचा पहिला हप्ता समजली जाते. मग दोन्ही पक्ष बांधले जातात आणि माघार घेणाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागू शकते.

रक्कम बँकेमार्फत, करारावर सही करणाऱ्याच्या नावे असलेल्या खात्यातच भरावी. रोख रक्कम पाठविणाऱ्या सेवा किंवा कूपनांचे क्रमांक यांच्या मार्गाने गेलेला पैसा जवळजवळ कधीच परत मिळत नाही. करार, पत्रे आणि पावत्या जपून ठेवाव्यात. पोलिसांकडे जाण्याची वेळ आली तर तेवढाच आधार असतो.

किल्ली हाती येते त्या दिवशी ‘एता दे ल्यो’, म्हणजे घराच्या स्थितीचा लेखी तपशील, दोघांनी मिळून तयार करावा. सामानासह दिलेल्या घरात काय असावे, याची यादी २०१५ च्या आदेशाने ठरविली आहे. पांघरुणासह बिछाना, झोपण्याच्या खोलीत पडदे किंवा खिडकीची झडप, शेगडी, भट्टी, शीतकपाट, भांडी, टेबल व बसण्याची सोय, फळ्या, दिवे आणि सफाईचे साहित्य यांचा तीत समावेश होतो. ही यादी हाती धरून पाहणी करावी आणि भिंतीवरील डागांपर्यंत सर्व नोंदवून छायाचित्रे घ्यावीत.

एवढी काळजी घेऊनही शंका उरते, आणि ती उरणे योग्यच आहे. म्हणूनच अनेक अनुभवी प्रवासी पहिल्या एक-दोन आठवड्यांसाठी हॉटेल किंवा नोंदणीकृत घर घेतात, आणि दीर्घ मुक्कामाचे घर प्रत्यक्ष पाहून मगच ठरवितात. विद्यार्थी आणि संशोधकांसाठी चौदाव्या विभागातील आंतरराष्ट्रीय विद्यापीठ-नगरी हा जुना आश्रय आहे. तेथील पहिले निवास १९२५ मध्ये सुरू झाले, आणि निरनिराळ्या देशांच्या सदनांत भारताचेही सदन आहे. ज्यांना फ्रान्समध्ये हमीदार मिळत नाही, अशा १८ ते ३० वर्षांच्या तरुणांसाठी ‘विझाल’ ही विनामूल्य हमीची योजना आहे. करारातील एखादे कलम कळले नाही, तर ‘अदिल’ ही संस्था गृहविषयक कायद्याचा सल्ला विनामूल्य देते. सही करण्यापूर्वी तिला विचारण्यात एखादा दिवस जाईल. ज्या मालकाला हा एक दिवसही थांबवत नाही, त्याचे घर हातचे गेले तरी त्याबद्दल खेद मानण्याचे कारण नाही.