विकायला दिलं, विकलं नाही

जुन्याचं मोल : लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण मोड पाहिली. दागिना सोनाराकडे नेला, त्यानं काट्यावर ठेवला, घट धरली, पैसे दिले आणि व्यवहार तिथंच मिटला. या आठवड्यातला व्यवहार असा मिटत नाही. घड्याळ, कॅमेरा, पैठणी, हिऱ्याची कुडी किंवा गाडी आपण दुकानदाराच्या ताब्यात देतो. गिऱ्हाईक मिळालं की तो आपलं कमिशन कापून उरलेले पैसे देणार असतो. मधले काही आठवडे, कधी काही महिने, वस्तू त्याच्या कपाटात आणि मालकी आपली. चोरी, आग, अफरातफर, दुकानाला टाळं, जे काही व्हायचं ते याच काळात होतं.

हडपसरमध्ये हा व्यवहार वाढायला जागा आहे. मगर मंडळींनी आपल्या शेतजमिनी एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली, शेजारी अमनोरा आलं, आणि कुठून कुठून आलेली नोकरदार कुटुंबं इथं राहू लागली. कुणाची बदली बंगळूरला होते, कुणी कॅनडाला निघतं. महिन्याभरात गाडी, लेन्स, ट्रेडमिल काढायची असते आणि अनोळखी माणसांचे फोन घेत बसायला सवड नसते. दुसरीकडे गावठाणातल्या जुन्या घरांत आजीची ठुशी असते, पुतळ्यांची माळ असते. मोडीत घातली तर घडणावळ गेली, म्हणून ‘आहे तशी कुणी घेतंय का बघा’ असं सांगून ती ओळखीच्या पेढीवर ठेवली जाते.

गंमत म्हणजे माल दुसऱ्याच्या हाती विकायला देणं या भागाला मुळीच नवं नाही. इथल्या शेतकऱ्यानं अडत्याच्या गाळ्यावर माल टाकला की त्याला पट्टी मिळते, तीत वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं लिहिलेलं असतं. अडत्याकडे बाजार समितीचा परवाना असतो आणि त्यानं पैसे थकवले तर समितीकडे दाद मागता येते. सराफांचंही तेच. एका पेढीवरून दुसऱ्या पेढीवर माल जांगड, म्हणजे पसंतीवर, जातो तेव्हा चिठ्ठीवर नग, वजन, कॅरेट लिहिलेलं असतं, आणि विकला जाईपर्यंत माल देणाऱ्याचा, ही अटही. जीएसटी कायद्यानंसुद्धा पसंतीवर पाठवलेल्या मालाची वेगळी सोय ठेवली आहे: कलम ३१(७) प्रमाणे विक्री ठरली की बीजक करायचं, आणि ठरली नाही तरी जास्तीत जास्त सहा महिन्यांत. व्यापारी व्यापाऱ्याला चिठ्ठीशिवाय नग देत नाही. आपण मात्र ऐंशी हजारांचं घड्याळ देतो आणि बदल्यात व्हॉट्सॲपवर अंगठ्याचं चित्र घेतो. दुकानदाराकडे शॉप ॲक्टची नोंद असेल, पण ती दुकान चालवण्याची नोंद आहे. तुमच्या वस्तूची हमी त्यात कुठं नाही.

चिठ्ठीचा कागद इतका महत्त्वाचा का, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२४ च्या एका निकालावरून चांगलं कळतं. दिल्ली रेस क्लबला घोड्यांसाठी ओट्स आणि धान्य पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचे नऊ लाखांहून अधिक रुपये थकले. त्यानं फौजदारी फिर्याद केली. न्यायालयानं सांगितलं की माल विकला गेला तेव्हाच मालकी खरेदीदाराकडे गेली. जी वस्तू त्याचीच झाली, तिच्याबाबत त्यानं विश्वासघात केला असं म्हणता येत नाही. पैसे थकले आहेत, तर दिवाणी दावा लावा. आता हेच आपल्या घड्याळाला लावून पाहा. दुकानदार म्हणाला, ‘यांनी घड्याळ मला उधारीवर विकलं, पैसे द्यायचे राहिलेत,’ आणि तुमच्याकडे तसं नव्हतं हे दाखवणारा एकही कागद नसेल, तर मालक असलेले तुम्ही एका क्षणात नुसते येणेकरी होता. उलट ‘विक्रीसाठी ताब्यात दिलं, विक्री होऊन रक्कम मिळेपर्यंत मालकी देणाऱ्याची’ एवढी एक ओळ पावतीवर असेल, तर घड्याळाची अफरातफर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली येते. साध्या विश्वासघाताला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. व्यापारी, दलाल किंवा एजंट म्हणून ताब्यात आलेल्या मालाचा अपहार झाला तर दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपही.

पण शिक्षा झाली म्हणून वस्तू परत येतेच असं नाही. १९३० च्या माल विक्री कायद्यातलं कलम २७ इथं आडवं येतं. एरवी नियम सोपा आहे: जे स्वतःचं नाही ते विकता येत नाही. चोरानं विकलेल्या मालावर घेणाऱ्याची मालकी बसत नाही. मात्र मालकानं स्वखुशीनं वस्तू एखाद्या व्यापारी दलालाच्या ताब्यात दिली असेल आणि त्यानं ती नेहमीच्या धंद्याच्या ओघात, बेइमानीची शंकाही नसलेल्या गिऱ्हाइकाला विकली, तर त्या गिऱ्हाइकाची मालकी पक्की होते. ‘साठ हजारांच्या खाली देऊ नका’ असं तुम्ही बजावलं होतं आणि त्यानं चाळिसाला दिलं, किंवा विकून पैसे खिशात घातले, तरीही. तुम्ही दुकानदाराच्या मागे लागायचं, घड्याळाच्या नाही. म्हणजे अशा दुकानात ठेवलेली वस्तू दुकानदारानं लबाडीनं विकण्यापेक्षा चोरानं नेलेली परवडली, असा हा विचित्र हिशोब आहे. चोर पकडला गेला तर वस्तू मुद्देमाल म्हणून तुमच्याकडे परत येऊ शकते. दागिने आणि वाहनं वर्षानुवर्षं ठाण्यात पडू देऊ नयेत, सविस्तर पंचनामा आणि फोटो करून, बंधपत्र घेऊन ती लवकर मालकाला द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयानं सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलं आहे.

अर्थात चोरानं नेली तर नुकसान कुणी सोसायचं, हा प्रश्न उरतोच. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१ सांगतं की दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्यानं, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची. तेवढी घेतली असेल आणि तरीही वस्तू गेली, तर कलम १५२ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, तो जबाबदार नाही. दरोडेखोरांनी तिजोरी फोडली तर सुटका, घड्याळ बिनकुलपाच्या काचेखाली ठेवलं आणि कुणी उचललं तर नाही. भिंतीवर ‘वस्तू मालकाच्या जोखमीवर’ अशी पाटी असते. तिला घाबरून जाऊ नका. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या आवारातून १९९८ मध्ये, किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिलेली एक मारुती झेन चोरीला गेली. पार्किंगच्या चिठ्ठीवर हॉटेल जबाबदार नाही असं छापलं होतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की ताबा घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील ओळीनं झटकता येत नाही. न्याय मिळाला, पण मध्ये एकवीस वर्षं गेली, हेही ध्यानात असू द्या.

‘आमचा विमा आहे’ हे दुकानदाराचं वाक्य ऐकून बरेच जण निर्धास्त होतात. पॉलिसी दुकानदाराच्या मालाची असते. दुसऱ्यांचा, कमिशनवर ठेवलेला माल तीत स्पष्ट लिहिलेला नसेल तर विमा कंपनी हात वर करते. शिवाय घरफोडीच्या विम्यात ‘फोडी’ला फार महत्त्व आहे. हरचंद राय प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पॉलिसीच्या शब्दांवर बोट ठेवलं: बळजबरीनं शिरल्याची किंवा बाहेर पडल्याची खूण नसेल तर भरपाई नाही. गिऱ्हाईक म्हणून आलेल्यानं अंगठी तळहातात लपवली किंवा नोकरानं कुडी लांबवली, तर दार फुटलेलं नसतं. तुलनेसाठी बँकेचं लॉकर घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीनं लॉकरमधलं नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. तीन हजार भाडं असेल तर तीन लाख. पुरेसं नाही म्हणा, पण आकडा तरी आहे. कमिशनच्या दुकानात आकडा तुम्हीच लिहून घ्यायचा असतो.

गाडीची गोष्ट निराळी आणि अधिक वाईट. गाड्यांचे दलाल ‘पार्क अँड सेल’ म्हणून गाडी आपल्या आवारात लावून घेतात. बरोबर दोन्ही किल्ल्या, आरसी आणि सही केलेले मालकी बदलाचे कोरे फॉर्म २९ आणि ३० मागतात. ते दिले की तुमच्या हातात काही उरत नाही. तरी आरटीओच्या दप्तरी मालक तुम्हीच. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २००७ मध्ये विकलेली गाडी हातोहात पुढे गेली, २००९ मध्ये अपघात झाला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भरपाई नोंदणीकृत मालकावर, म्हणजे पहिल्या विकणाऱ्यावर टाकली. यावर उपाय आता उपलब्ध आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते पाच वर्षं चालतं. अशा विक्रेत्याला गाडी दिली की फॉर्म २९सी मध्ये ऑनलाइन नोंद करायची, मग ती गाडी ताब्यात असेपर्यंत कायद्यानं मालक तोच धरला जातो. दलालाला प्रमाणपत्राचा नंबर विचारा. तो हसला तर किल्ली खिशात घालून परत या.

पेढी किंवा दुकानच एका सकाळी बंद झालं तर? ऑक्टोबर २०१९ मध्ये गुडविन ज्वेलर्सची दुकानं बंद झाली तेव्हा डोंबिवली-ठाण्यात लोक शटरसमोर उभे होते. ती मुख्यतः भिशी आणि ठेवींची प्रकरणं होती, कमिशनवर ठेवलेल्या दागिन्यांची नव्हेत. पण त्यात लागलेला महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी, आपल्यालाही ठाऊक असावा. त्यात ‘ठेव’ म्हणजे फक्त पैसे नव्हेत. परत करण्याच्या बोलीवर स्वीकारलेली मौल्यवान वस्तूही त्यात बसते. एनएसईएल या कमॉडिटी एक्स्चेंजच्या घोटाळ्याच्या संदर्भात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा व्यापक अर्थ उचलून धरला. एखाद्या दुकानदारानं पन्नास जणांचे दागिने विकायला घेऊन पोबारा केला, तर सगळ्यांनी मिळून वकिलाकडे हा कायदा लागू होतो का हे आधी विचारावं. मालमत्ता जप्त करण्याचे अधिकार त्यात आहेत. एकेकट्या फिर्यादीत तेवढं बळ नसतं.

आता वस्तू देण्यापूर्वीचं. वस्तू ओळखता आली पाहिजे. १ एप्रिल २०२३ नंतरच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षरांचा एचयूआयडी असतो, बीआयएस केअर ॲपवर तो तपासता येतो. आजीच्या ठुशीवर तो नसणार, म्हणून तिचं वजन दुसऱ्या पेढीवर करून चिठ्ठी घ्या आणि फोटो काढा, फासा आणि डाग दिले आहेत तिथले जवळून. घड्याळ, कॅमेरा, लेन्सचा सीरियल नंबर, फोनचा आयएमईआय. फोन गेला तर संचार साथीवर तो बंद करता येतो. पावतीवर हे सगळं, शिवाय किमान किंमत, कमिशन, किती दिवसांत विकायचं, न विकल्यास किती दिवसांत परत, हरवल्यास किती रुपये, आणि मघाची मालकीची ओळ. पैसे बँकेतूनच घ्या. मुदत टळल्यावरही दुकानदारानं वस्तू परत केली नाही, तर करार कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे त्यानंतरच्या नुकसानीला तो जबाबदार, त्याची चूक असो वा नसो. म्हणून तारीख लिहिणं हे पावतीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम.

आणि बिनसलंच तर? ठाण्यात ‘हे दिवाणी आहे’ असं ऐकायला मिळेल. कधी ते खरंही असतं. पण ताबा दिल्याची पावती हाती असेल आणि तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर त्याची नोंद करणं बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी निकालानं २०१३ मध्येच सांगितलं आहे. व्यापारी व्यवहारात आधी प्राथमिक चौकशी होऊ शकते, आणि तीन वर्षं किंवा जास्त पण सातहून कमी वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं तिला चौदा दिवसांची मुदत घातली आहे. कमिशन घेणारा दुकानदार सेवा देतो, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि वकील लागतोच असं नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे.

ज्यांची वस्तू या क्षणी कुठल्या दुकानात पावतीविना पडून आहे, त्यांनी आजच दुकानदाराला एक संदेश पाठवावा: अमुक वस्तू, अमुक तारखेला, फक्त विक्रीसाठी तुमच्याकडे ठेवली आहे, मालकी माझी आहे, अमुक तारखेपर्यंत न विकल्यास परत न्यायला येतो. त्याचं ‘हो’ आलं तर जपून ठेवा. दोन दिवसांत आलं नाही, तर वस्तू घरी आणा.

पुढच्या आठवड्यात सोनं तारण: लिलावाची नोटीस आणि तिची मुदत.