बांधापलीकडचे तण

वाफ्यातील तण उपटून आपण निश्चिंत होतो. पण महिन्याभराने पाहावे, तो तेच तण पुन्हा हजर! गेल्या पावसाळ्यात आमच्या परसात असेच झाले. गाजरगवत काढता काढता आईच्या हातांना खाज सुटून पुरळ उठले. "हे सारे शेजारच्या काकांच्या जागेतून येते," असे आम्ही म्हणत होतो. काका म्हणत, "तुमच्याच बांधावरून येते." खरे पाहता दोघांचेही म्हणणे बरोबर होते.

गाजरासारखी पाने व बारीक पांढरी फुले असलेली ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. पुण्यात ती आढळल्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे ती देशभर पसरली. एका जोमदार झाडाला १५,००० किंवा त्याहून अधिक बिया येतात. त्या इतक्या हलक्या असतात की वारा, पावसाचे पाणी, शेणखत, वाहनांची चाके, फार काय, आपल्या पायांचा चिखलसुद्धा त्यांना पलीकडे नेतो. ओलावा मिळताच त्या रुजतात आणि चार ते सहा आठवड्यांत नवे रोप फुलावर येते. गुरे ती सहसा खात नाहीत. तिच्यातील विषारी द्रव्यांमुळे जवळच्या पिकांची वाढ खुंटते. तर कित्येकांना त्वचेचे विकार व दमा जडतो.

मग उपाय कोणता? पाऊस पडून जमीन मऊ झाली की, फूल येण्यापूर्वीच, हातमोजे घालून रोप मुळासकट उपटावे. नुसते वरून कापल्यास बुंध्यापासून ते पुन्हा फुटते. फुलापूर्वी उपटलेली रोपे खताच्या खड्ड्यात टाकावीत. फुललेली मात्र टाकू नयेत, नाहीतर खताबरोबर बीही वाफ्यात येईल. मोकळ्या जागी टाकळा किंवा झेंडू दाट पेरल्यास गाजरगवताला वाव उरत नाही. १९८४ साली बंगळूर येथे मेक्सिकोतून आणलेले भुंगेरे सोडण्यात आले. पावसाळ्यात ते या गवताची पाने फस्त करतात. परंतु केवळ त्यांच्यावर विसंबून चालत नाही.

प्रत्येक तणाला मात्र हाच उपाय लागू पडत नाही. हरळीचे तुकडे केले तर प्रत्येक पेरापासून नवी हरळी उगवते. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहिल्या तर वरचे पाते उपटणे व्यर्थ होय. अशा तणांसाठी उन्हाळ्यात जमीन खोल खणून मुळे व गाठी वेचाव्यात आणि कडक उन्हात वाळवाव्यात.

यंदा पहिला पाऊस पडताच बाबा काकांकडे गेले. एका रविवारी दोन्ही घरच्या मंडळींनी हातमोजे घालून दोन्ही परसे, मधला बांध व समोरच्या रस्त्याची कड एकाच दिवशी साफ केली. दर तीन आठवड्यांनी तोच क्रम आम्ही चालू ठेवला. जमिनीतले जुने बी अजून रुजतेच; पण गवत फुलावर आलेले नाही. आता बांधावर कोवळे रोप दिसले, तर ते कोणाच्या बाजूचे, असे कोणी विचारीत नाही. ज्याला प्रथम दिसेल, तोच ते उपटतो.