जुन्या कॉमिक्सचा धंदा : शिक्क्यावर भुलू नका

कापडाच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. गिरणीचा शिक्का कितीही मोठा असो, तागा उलगडून, उजेडात धरून पाहिल्याशिवाय माल उचलायचा नाही. ही रीत आम्ही तीस वर्षे पाळली आणि एकदाच मोडली. तीही कापडात नव्हे, कॉमिक्सच्या अंकांत. इतर व्यापारी बंधूंनी तीच चूक करू नये, म्हणून हा तजुर्बा येथे मांडत आहोत.

२०२० आणि २०२१ अशा लागोपाठ दोन ईद टाळेबंदीत गेल्या. कापडवाल्याची वर्षाची कमाई रमजानच्या सीझनवर असते, आणि दुकानाचे शटर खाली. त्या दिवसांत आमचा भाचा मोबाईल घेऊन आला. म्हणाला, "मामू, लोक घरबसल्या जुनी कॉमिक्स विकून पैसे करतायत. आपलं भांडवल पडून आहे, फिरवू या." आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, पण मराठी वाचनाची गोडी आम्हाला वेताळच्या अंकांनी लावली. त्यामुळे मन लगेच विरघळले. मुंबईच्या एका विक्रेत्याकडून साठ मराठी इंद्रजाल अंक आणि प्लॅस्टिकच्या पेटीत बंद केलेला एक अमेरिकन अंक घेतला. पंचाहत्तर हजार रुपये गुंतले. परत किती आले ते शेवटी सांगतो.

माल कोणता?

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद पडली. या काळात आठशेच्या आसपास अंक निघाले. इंग्रजी, हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली अशा अनेक भाषांत ते येत. ली फॉक यांचे वेताळ आणि मँड्रेक हे मुख्य नायक. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा 'बहादूर' आला आणि देशी नायकालाही जागा मिळाली. हे अंक त्या वेळी लोकांनी वाचले, फाडले आणि रद्दीत घातले. म्हणूनच धड राहिलेला अंक आज कमी आहे आणि त्याला गिऱ्हाईक आहे.

अमर चित्रकथेची गोष्ट वेगळी. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ही मालिका आजही छापली जाते. एकेका पुस्तकाच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. 'कृष्ण' हे पुस्तक मूळ ११ व्या क्रमांकाचे, आज ते ५०१ क्रमांकाने मिळते. तेव्हा नुसते जुने मुखपृष्ठ पाहून पैसे मोजू नयेत. आतील पानावरचे छपाईचे साल, किंमत आणि क्रमांक तिन्ही ताडून पाहावेत.

शिक्का म्हणजे काय?

अमेरिकेत २००० साली सीजीसी नावाची कंपनी निघाली. तिच्याकडे अंक पाठवला की तेथील माणसे पाने मोजतात, मुरड, डाग, पिनांचा गंज तपासतात आणि ०.५ ते १० पर्यंत दर्जा देतात. मग अंक कडक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद होतो आणि वर चिठ्ठी लागते. निळी चिठ्ठी म्हणजे साधा अंक. जांभळी म्हणजे दुरुस्ती केलेला. पिवळी म्हणजे कंपनीच्या माणसासमोर सही झालेला. खरेदीदार तुमच्या अंकावर स्वतःच्या नावाची किंवा चित्रकाराची सही घेऊन आला आणि ती साक्षीशिवायची असेल, तर कंपनीच्या लेखी ती शाई म्हणजे एक डागच ठरू शकते.

पेटीमुळे अनोळखी दोघांत सौदा सोपा होतो हे खरे. २०२४ च्या एप्रिलमध्ये १९३८ सालचा सुपरमॅनचा पहिला अंक, दर्जा ८.५, अमेरिकेत ६० लाख डॉलरला लिलावात गेला. मूळ किंमत १० सेंट. अशी बातमी वाचून आपल्यासारखा माणूस हुरळतो. पण तो अंक जगात मोजकाच उरला आहे, आणि आपल्या हाती येणारा माल तसा नसतो.

खड्डे कोठे आहेत?

पहिला खड्डा बाइंडिंगचा. आपल्याकडे लायब्ररीवाले दहा-दहा अंक एकत्र शिवून कडा मशिनवर कापत असत. असा गठ्ठा उसवून अंक सुटे करून विकतात. कडा सरळ आणि पांढऱ्या दिसतात, म्हणून नवखा माणूस त्यालाच कोरा माल समजतो. न कापलेल्या अंकावर ठेवून मापले की फरक कळतो. पाठीजवळ सुईची भोके दिसतात. आमच्या साठपैकी एकेचाळीस अंक असेच निघाले. विक्रेत्याने फोटो समोरूनच पाठवले होते, आणि आम्ही पाठीचे मागितले नव्हते.

दुसरा खड्डा दुरुस्तीचा. फाटलेल्या जागी कागद चिकटवणे, उडालेला रंग पेनाने भरणे, गंजलेल्या पिना बदलणे. आम्ही रफू ओळखतो तो कापड उजेडापुढे धरून. येथेही तेच करावे.

तिसरा खड्डा पेटीचा. २०२३ च्या अखेरीस उघड झाले की एका ठकाने पेट्या सफाईने उघडून आत हलका अंक सरकवला आणि पेटी तडकली आहे असे सांगून त्याच दर्जाची नवी पेटी मिळवली. कंपनीला संशयित नंबरांची यादी जाहीर करावी लागली. तेव्हा नंबर कंपनीच्या नोंदीत जुळला एवढ्यावर थांबू नये. आतील अंक स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

चौथा खड्डा दुर्मिळतेचा. कंपनी कोणत्या दर्जाचे किती अंक तपासले त्याची मोजणी देते. विक्रेता म्हणतो, "या दर्जाचे दहाच आहेत." पण घरोघरी न तपासलेले किती पडले आहेत ते त्या मोजणीत नसते, आणि पेटी फोडून पुन्हा पाठवलेला एकच अंक दोनदा मोजला जाऊ शकतो. १९९१ मध्ये अमेरिकेत 'एक्स-मेन'चा एक पहिला अंक ८० लाखांहून अधिक छापला गेला. लोकांनी पुढे श्रीमंत होऊ म्हणून पाच-पाच प्रती जपून ठेवल्या. जे सर्वांनी जपले ते दुर्मिळ कसे होणार? पुढे तो बाजार कोसळला आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हल कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२१ च्या तेजीनंतर २०२२ पासून भाव उतरले, तेव्हा आमचा पेटीतला अंक त्यात सापडला.

हिशेब मांडून पाहा

समजा, ५,००० रुपयांना अंक घेतला. फी, जाण्या-येण्याचे कुरिअर, विमा, कस्टम मिळून ६,००० लागले. माल ११,००० ला पडला. तो १३,००० ला विकला आणि शेकडा १२ दलाली गेली, तर हाती येतात ११,४४०. म्हणजे ४४० रुपये नफा, तोही काही महिने थांबून. दर्जा अपेक्षेपेक्षा थोडा जरी कमी आला तर तोटाच. तीच रक्कम ड्रेस मटेरियलमध्ये सीझनला दोनदा फिरली असती. शिवाय ही खरेदी-विक्री नेहमीची झाली की तो धंदाच होतो. नफ्याची नोंद वहीत आणि आयकरात दाखवावी लागते.

जाहिरातीत मागितलेली किंमत आणि खरोखर मिळालेली किंमत यांत मोठे अंतर असते. अमेरिकन अंकांसाठी १९७० पासून भावाचे पुस्तक निघते. मराठी इंद्रजालसाठी आपणच झालेल्या सौद्यांची वही ठेवावी.

कोकणची हवा

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात आमच्या ताग्यांना बुरशीचा वास येतो, तेथे पन्नास वर्षांच्या कागदाचे काय? पिना गंजतात, पानांवर तपकिरी ठिपके येतात, कसर लागते. पेटी हवाबंद नसते, हेही लक्षात ठेवावे. अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे पुठ्ठा घालून, भिंतीपासून दूर लोखंडी कपाटात सिलिका जेलसह ठेवावेत. माळ्यावर कधीही नाही.

शेवटचा सौदा

आमचे साठ अंक माटुंग्याच्या एका गिऱ्हाइकाने मागितले. त्याने फोनवर विचारले, "कोरे आहेत ना?" भाचा शेजारी बसला होता. हळूच म्हणाला, "मामू, आपल्यालाही असंच विकलं ना? हो म्हणा." खोटे सांगितले असते तर मुद्दल सुटत होती. आम्ही सांगितले की एकेचाळीस अंक कापलेले आहेत, आणि पावतीवर तसे लिहून दिले. भाव निम्म्याहून खाली आला. पेटीतला अंकही पडत्या भावात काढला. पंचाहत्तर हजारांचे एकतीस हजार झाले.

चव्वेचाळीस हजार ही या शिक्षणाची फी. ती आम्ही पुढच्या माणसाच्या माथी मारली नाही, एवढेच समाधान. ऐब सांगून माल विकणारा एखादा सौदा गमावतो, पण गिऱ्हाईक राहते. त्या माटुंग्याच्या माणसाने पुढच्या वर्षी घरच्या लग्नाचे कापड आमच्याकडूनच नेले. शौक म्हणून चार अंक जरूर घ्या, वाचा, मुलांना दाखवा. दुकानाचे भांडवल मात्र दुकानातच राहू द्या.